ग्रहण दुपारी, तालीम रात्री

शुक्रवार

दादा: इजिप्तमधल्या लक्सरच्या खोल्या नक्की झाल्या. २ ऑगस्ट २०२७चं खग्रास सूर्यग्रहण. मी, ही, छोटी आणि तू. काका-काकूंचं अजून तळ्यात-मळ्यात आहे. आता सांग, कॅमेऱ्याचं काय काय घ्यायचं? यादी टाक.

मी: यादी नंतर. आधी पुढच्या पौर्णिमेला रात्री तालीम. तुझी १००-४०० झूम आणि ट्रायपॉड काढ, फोकस मॅन्युअल, म्हणजे हाताने कर, आणि चंद्राचे फोटो काढून इथे टाक.

दादा: चंद्राचे? मी सूर्याचं विचारतोय.

मी: दोघांचं आकाशातलं माप सारखंच, जेमतेम अर्धा अंश. म्हणून तर चंद्र सूर्याला पुरता झाकू शकतो. चंद्र तुझ्या फ्रेममध्ये जेवढा दिसेल तेवढाच त्या दिवशी सूर्य दिसेल. फोकल लेंथला, म्हणजे लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याला, साधारण ११०ने भागायचं, की सेन्सरवरचा सूर्य मिळतो. ४०० मिमीला साडेतीन-पावणेचार मिमी. ऐकायला इवलासा वाटतो, पण त्याच्याभोवतीचा करोना, म्हणजे खग्रासला दिसणारं पांढरं तेजोवलय, दोन-तीन सूर्यांएवढा पसरतो. तुझ्या क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर ४००च्या पुढे जाऊ नकोस, करोना कापला जाईल.

वहिनी: ताई, मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. मी मोबाइलवर काढलं तर चालेल ना?

मी: वहिनी, तुमच्याकडे मी सगळ्यात महत्त्वाचं काम देणार आहे. खग्रासच्या तीन मिनिटं आधी मोबाइल छोट्या स्टँडवर आडवा लावायचा, आपण सगळे आणि मागचं क्षितिज दिसेल असा, व्हिडिओ सुरू करायचा आणि नंतर हात लावायचा नाही. अंधार कसा चाल करून येतो, चारही बाजूंच्या क्षितिजावर संध्याकाळ झाल्यासारखी लाली कशी येते आणि आपण काय बोलतो, हे सगळं त्यात येईल. परत आल्यावर सगळ्यात जास्त वेळा तोच व्हिडिओ बघितला जातो. सूर्य काढायच्या नादाला मोबाइलने लागू नका, पांढरा ठिपका येतो.

काका: अगं, आमचं यायचं जमलं नाही तर इथून जे काही दिसेल ते बघू. माझ्याकडे जुन्या एक्स-रे फिल्म आहेत, दोन एकावर एक ठेवल्या की सूर्य छान दिसतो.

मी: काका, हात जोडून सांगते, त्या फेकून द्या. फिल्ममधून सूर्य अंधूक दिसतो, पण अवरक्त किरण आत येतच राहतात. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे जळताना पत्ताही लागत नाही. काजळी धरलेली काच, गॉगल, सीडी, यातलं काहीच नको. आयएसओ १२३१२-२ हे सुरक्षिततेचं मानक लिहिलेले ग्रहणाचे चष्मे मी सगळ्यांना पाठवते. वापरण्याआधी चष्मा घरातल्या दिव्यासमोर धरून बघा. भोक किंवा ओरखडा दिसला तर तो बाद.

काकू: आणि चष्म्याशिवाय?

मी: काकू, स्वयंपाकघरातला झारा. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि झाऱ्याची सावली पांढऱ्या कागदावर पाडायची. प्रत्येक भोकातून एकेक चंद्रकोर उतरते. त्याचा फोटो मात्र मोबाइलने खुशाल काढा, फार सुंदर येतो.

शनिवार

दादा: एक विचारू? ऑटोफोकस इतका चांगला असताना तू मॅन्युअल, मॅन्युअल का करतेस?

मी: कारण २०२४च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोत माझं काय झालं ते तुला अजून सांगितलेलं नाही. सूर्य सत्तर अंशांच्या आसपास होता, म्हणजे लेन्सने मान पार वर केलेली. फोकस मी सकाळी नीट केला होता. पण झूमच्या रिंगला टेप लावली नव्हती. लेन्सचा पुढचा भाग स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली घसरत गेला, झूम बदलली आणि तिच्याबरोबर फोकसही गेला. चार मिनिटं मी फोटो काढत राहिले. रात्री लॅपटॉपवर उघडले तर एकाही फोटोत चंद्राची कड धारदार नाही. करोना म्हणजे कापसाचा बोळा. त्या रात्री मी रडले होते.

दादा: हे तू बोलली नव्हतीस कधी.

मी: आता बोलते, कारण लक्सरला सूर्य त्याहून वर असणार. भर दुपारी, ८२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. तुझ्या ट्रायपॉडचं डोकं तेवढं वर वळतं का, वळवल्यावर लेन्स पायाला अडते का, लेन्सच्या वजनाने ट्रायपॉड मागे कलंडतो का, हे घरीच कळायला हवं. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला बॅग टांग. आणि एवढ्या वरचा सूर्य बघायला मान पुरत नाही, कॅमेऱ्याची स्क्रीन बाहेर वळणारी हवी. तुझी वळते, म्हणून सांगते, व्ह्यूफाइंडर विसरून जा. फिल्टर नसलेल्या लेन्समधून ग्रहण लागलेल्या सूर्याकडे बघणं म्हणजे डोळा गमावणं.

छोटी: आत्तू, फोकस बिघडणं फक्त आपलंच होतं का? शास्त्रज्ञांचं नाही होत?

मी: छोटे, फार मोठ्या लोकांचं झालंय. २९ मे १९१९चं ग्रहण. सूर्याजवळून येताना ताऱ्यांचा प्रकाश आइन्स्टाइनच्या गणिताइतका वाकतो का, हे बघायला इंग्लंडहून दोन तुकड्या निघाल्या. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेला, दुसरी तुकडी ब्राझीलमधल्या सोब्रालला. सोब्रालच्या मोठ्या दुर्बिणीचा फोकस आधी रात्री ताऱ्यांवर करून ठेवला होता, आणि तो उत्तम होता. ग्रहणाचे फोटो घेतलेल्या काचा धुतल्यावर बघतात तर तारे पसरट. उन्हाने दुर्बिणीपुढचा आरसा तापून वेडावाकडा फुगला असावा, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्यांना तारलं ते सोबत नेलेल्या चार इंची छोट्या भिंगाने. त्याच्या सात काचा चांगल्या निघाल्या.

छोटी: मग रात्री फोकस करून उपयोग काय? तूच म्हणालीस रात्री तालीम करायची.

मी: शाब्बास, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. रात्रीची तालीम हातांसाठी. बटणं अंधारात सापडावीत, रिंग किती फिरवली की तारा टाचणीच्या टोकाएवढा होतो ते बोटांना कळावं, यासाठी. खरा फोकस त्याच दिवशी, त्याच उन्हात. फिल्टर लावून, स्क्रीनवर दहापट मोठं करून, सूर्यावरच्या डागावर किंवा त्याच्या कडेवर. मग रिंगला टेप. खग्रासच्या दहा मिनिटं आधी परत एकदा तपासायचा. आणि तोवर लेन्सवर पांढरा कपडा टाकून ठेवायचा. तिथे ऑगस्टमध्ये काळी लेन्स तव्यासारखी तापेल.

पौर्णिमेची रात्र

दादा: [फोटो] [फोटो] [फोटो]
सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, १००, छिद्र एफ ८, शटर १/२०० सेकंद. घ्या तुमचा चंद्र.

मी: उजेड अगदी योग्य आलाय. पण तिसरा मोठा करून बघ, कड दुहेरी दिसते. शटर बोटाने दाबलास ना?

दादा: हो. रिमोट सापडला नाही.

मी: दोन सेकंदांचा टायमर लाव, नाहीतर रिमोट शोध. आणि ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्थिरीकरण बंद. पहिल्या आणि तिसऱ्या फोटोत किती अंतर होतं?

दादा: सहा मिनिटं असतील. आणि हो, चंद्र फ्रेममधून चांगलाच सरकला!

मी: तेच दाखवायचं होतं. सूर्य-चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढे सरकतात. लक्सरला खग्रास ६ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास आहे, म्हणजे सूर्य तीन सूर्यांइतका सरकणार. सुरुवातीला थोडा मागे ठेव, म्हणजे तो फ्रेमच्या मध्यातून जाईल, आणि अर्ध्यावर एकदा मध्ये आण. फक्त एकदाच. नाहीतर सगळा वेळ ट्रायपॉडच्या मुठी फिरवण्यात जातो.

वहिनी: हे गेला तासभर गच्चीवर आहेत, आणि छोटी शेजारी घड्याळ लावून “पाच मिनिटं झाली, बाबा” असं ओरडतेय.

मी: हेच हवंय! छोटीकडे घड्याळाचंच काम. छोटे, अजून एक काम देते. फिल्टर काढायचं. बाबाच्या लेन्सवर पुठ्ठ्याची टोपी करून कागदी टेपच्या दोन पट्ट्यांनी लाव. प्रत्येक पट्टीचं टोक दुमडून पकडायला शेपटी ठेव. आता एका हाताने, चंद्र फ्रेममधून न हलवता टोपी काढता येते का बघ. वीस वेळा कर.

छोटी: पहिल्या सात वेळा हलला. आठव्या वेळी नाही!

मी: ग्रहणाच्या दिवशी हे तूच करणार आहेस. खग्रास लागायला पंधरा-वीस सेकंद उरले की कॅमेऱ्याचा फिल्टर निघतो, म्हणजे हिऱ्याची अंगठी, कडेवरचा तो एकच झगझगीत ठिपका, फोटोत मिळते. पण तुमच्या डोळ्यांवरचे चष्मे तेव्हाही असतात. चंद्राच्या कडेवरचा उजेडाचा शेवटचा मणी विझला, चंद्राभोवती पांढरा करोना उमलला, मगच चष्मे काढायचे. नव्व्याण्णव टक्के सूर्य झाकलेला असला तरी उरलेला एक टक्का डोळ्याला पुरून उरतो. परतताना उलटं. पश्चिमेकडची कड उजळू लागली की आधी चष्मे, मग लेन्सवर फिल्टर.

दादा: आणि मधल्या सहा मिनिटांत एक्स्पोजर किती ठेवू?

मी: एकच असं नाही. सूर्याच्या कडेजवळचा करोना आणि बाहेरचे धागे यांच्या उजेडात प्रचंड फरक असतो. आयएसओ १००, एफ ८ कायम. शटर फक्त बदलायचं. हिऱ्याच्या अंगठीला आणि मण्यांना १/३०००च्या आसपास, कडेच्या गुलाबी ज्वाळांना १/८००, मग १/२००, १/५०, १/१२, १/३ आणि शेवटी एक सेकंद. ब्रॅकेटिंग, म्हणजे ओळीने वेगवेगळ्या शटरचे फोटो, लावून ठेवलंस तर कॅमेरा स्वतःच करेल. रॉ, म्हणजे कच्च्या फाइलमध्येच काढ. आणि मेनूमध्ये ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद कर. ते चालू राहिलं तर प्रत्येक लांब फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो, आणि तुझी सेकंदं जातात.

दादा: किती फोटो काढू?

मी: दोनदा पूर्ण फेरी, बस. करोनाचा पहिला नीट आलेला फोटो २८ जुलै १८५१ला प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला बेर्कोव्स्की नावाच्या छायाचित्रकाराने घेतला. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर, ८४ सेकंदांचं एक्स्पोजर. त्या एका चित्रात करोनाही आहे आणि ज्वाळाही. तुला दोन फेऱ्यांत चौदा-पंधरा मिळतील. उरलेला वेळ मान वर.

अमावास्येच्या आदल्या दिवशी

काका: आमचंही ठरलं. येतोय दोघं. पण मला एक सांग, ग्रहण दुपारी, मग रात्रीच्या आकाशाचा फोटो काढायची एवढी तयारी कशाला?

मी: काका, किती आनंद झाला! अहो, सूर्यग्रहण अमावास्येलाच होतं. म्हणजे त्या रात्री चंद्र नाही. एवढं लांब जाऊन वर अशी काळी रात्र मिळत असेल तर ती सोडायची कशी? ऑगस्टच्या संध्याकाळी दक्षिणेला वृश्चिक आणि धनू, तिथून वर चढत गेलेली आकाशगंगा, आणि डोक्याजवळ अभिजित. गावातल्या दिव्यांपासून लांब गेलो तर हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

दादा: त्याला पण ४००च?

मी: नाही, आता १८ मिमीची लेन्स. छिद्र पूर्ण उघडं, आयएसओ ३२००, पंधरा सेकंद. त्यापुढे गेलास तर पृथ्वी फिरल्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतील. मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरसाठी ५००ला फोकल लेंथने भागतात, तुझ्या क्रॉप सेन्सरला त्याहून कमी. फोकस ठळक ताऱ्यावर, हाताने. उद्या रात्रीच गच्चीवर करून बघा. डोक्याजवळचा एखादा तारा धरा, आणि तेवढ्या वर लेन्स वळवून सहा मिनिटं तो फ्रेममध्ये ठेवा. सूर्य ८२ अंशांवर असताना हेच करायचंय.

वहिनी: मोबाइलने होईल का काही?

मी: होईल. स्टँडवर ठेवा, नाइट मोड, तीन सेकंदांचा टायमर. आणि सगळ्यांनी एक पाळा, मोबाइलच्या स्क्रीनचा उजेड कमी, टॉर्चला लाल कागद. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ते सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आजोबा: पोरी, मी काही येत नाही. माझ्यासाठी काय?

मी: आजोबा, तुम्ही परवा-तेरवा संध्याकाळी पश्चिमेकडे बघा. बारीक कोर दिसेल. कोरीच्या आतला उरलेला चंद्रही राखाडी दिसेल. तो पृथ्वीवरून उलटलेला उजेड. दादा, तुझी शेवटची तालीमही तीच. झगझगीत कोर आणि तिच्या कुशीतला तो मंद गोळा, करोनासारखंच अवघड काम आहे. १/१०० पासून दोन सेकंदांपर्यंत सगळी शटर्स काढ.

तीन दिवसांनी

आजोबा: दिसली. आतला चंद्रही दिसला. इतकी वर्षं कोर बघतोय, आत कधी बघितलं नव्हतं.

दादा: [फोटो] [फोटो] [फोटो] [फोटो] [फोटो]
१/१०० ला नुसती कोर. दोन सेकंदांत कोर पांढरी झाली, पण आतला चंद्र डागांसकट आलाय!

मी: दोन सेकंदांच्या फोटोत डाग थोडे ओढल्यासारखे दिसतात बघ, तेवढ्यात चंद्र सरकला. एक सेकंदाचा पाठव.

छोटी: आत्तू, टोपी मी काढली होती. एकदाही हलला नाही.