मदत हवी आहे : दूध संघात एकच शेतकरी चार सॉफ्टवेअरमध्ये चार जागी, माहिती-यंत्रणेच्या आराखड्याची (आर्किटेक्चरची) सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुका दूध संघात संगणक विभाग बघते. विभाग म्हणजे मी आणि हाताखाली दोन मुलं. संघाचं नाव मुद्दामच देत नाही. संचालक मंडळाने नवीन ईआरपी (सगळ्या विभागांचं काम एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) घ्यायचं ठरवलंय, तीन कंपन्यांची सादरीकरणं झालीत आणि महिन्याभरात मला लेखी मत द्यायचंय. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं यावर बोलायची अजून वेळच आलेली नाही, असं मला मनापासून वाटतंय. पण हे कार्यकारी संचालक साहेबांना पटेल असं मांडायचं कसं आणि आधी काय करायचं, यावर अडले आहे.

आमच्याकडची आजची परिस्थिती अशी. गावच्या संस्थेच्या केंद्रावर दोन्ही वेळेला दूध मोजतात, फॅट-एसएनएफ (दुधातली स्निग्धता आणि बाकीचे घन घटक) काढतात आणि खाते क्रमांकावर नोंद पडते. हे एक सॉफ्टवेअर. दहा दिवसांचं बिल आणि कपाती लेखा विभागाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. पशुवैद्यकीय विभागाचं तिसरं, त्यात रेतन, लसीकरण आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर. पशुखाद्य विक्रीचं चौथं. चारही वेगवेगळ्या वर्षी, ज्या त्या विभागाच्या गरजेपुरती घेतलेली. आणि आपापल्या जागी ती नीट चालतात, हेही सांगितलंच पाहिजे.

दुखणं बाहेर पडलं ते २०२४ च्या सुरुवातीला, राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं तेव्हा. पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात जाणार होते, त्यासाठी दूध, आधार, बँक खातं आणि जनावराचा बिल्ला यांचा मेळ घालून याद्या द्यायच्या होत्या. आमच्या याद्यांतली बरीच नावं परत आली.

त्या दिवसांत एक मावशी कार्यालयात आल्या. पिशवीतून पासबुक, आधार आणि संस्थेचं कार्ड काढून माझ्या टेबलावर ओळीने मांडलं आणि म्हणाल्या, "ताई, धार मी काढते, दूध मी घालते, मग यादीत मी का नाही?" मी चारही सॉफ्टवेअर उघडून बसले. दुधाचं खातं सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे तर मागेच वारलेले. गाईचा बिल्ला नवऱ्याच्या नावावर. बँक खातं मावशींचं, आधारवरच्या नावाने. पशुखाद्याच्या उधारीला मात्र त्यांचं माहेरचं नाव, कारण त्या दुकानातला मुलगा त्यांच्या माहेरच्या गावचा. चारही नोंदी आपापल्या परीने खऱ्या होत्या.

त्याआधी तीन आठवडे मी एक्सेलमध्ये नावं जुळवत होते, दुबार नावं काढून टाकली की झालं अशा समजुतीने. ती समजूत चुकीची होती. खातेदार, जनावराचा मालक, पैसे घेणारा आणि उधारी करणारा या चार भूमिका आहेत. कधी चारही एकाच माणसाकडे असतात, कधी घरातल्या चौघांत वाटलेल्या असतात. आम्ही सगळ्यांना एकच शब्द लावला, 'सभासद'.

आणि त्या शब्दाचाही घोळ आहे. सहकाराच्या रचनेत शेतकरी गावच्या संस्थेचा सभासद असतो आणि ती संस्था संघाची सभासद असते. म्हणून लेखा विभागात 'सभासद' म्हणजे संस्था, ते दोनशेच्या वर. संकलनात 'सभासद' म्हणजे शेतकरी, ते कित्येक हजार. वार्षिक अहवालाच्या वेळी कार्यकारी संचालक साहेबांनी सभासद संख्या विचारली तेव्हा दोन विभागांनी दोन आकडे दिले. चुकलं कुणीच नव्हतं.

वाचन थोडं केलंय. संस्थेच्या माहिती-यंत्रणेसाठी जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली आणि पुढे वाढवलेली चौकट मला आवडली : काय, कसं, कुठे, कोण, कधी, का हे सहा प्रश्न, आणि तेच प्रश्न मालकाच्या, आखणाऱ्याच्या, बांधणाऱ्याच्या नजरेतून वेगवेगळे विचारायचे. टोगॅफ ही आर्किटेक्चर आखण्याची प्रचलित पद्धतही चाळली. त्यातले व्यवसाय, डेटा, अ‍ॅप्लिकेशन आणि तंत्रज्ञान हे चार थर समजले, पण पुढच्या टप्प्यांचा पसारा बघून धीर सुटला. आमच्याकडे आर्किटेक्ट नाही, सल्लागाराला द्यायला पैसे नाहीत.

तर जाणकारांना विचारायचंय :

माझ्याएवढ्या विभागाने या सगळ्यातलं किती उचलावं? आधी नकाशा काढायचा तर कशाचा, कामाचा की डेटाचा? शेतकऱ्याला एकच कायमचा क्रमांक द्यायचा तर आधार वापरू की स्वतःचा काढू? आणि मुख्य म्हणजे 'सभासद कोण' हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? ते मी ठरवणं मला बरोबर वाटत नाही.

प्रतिसाद १

ताई, निदान तुम्ही स्वतःच केलंय. मी सहकारी बँकेत होतो, आमच्याकडेही ग्राहक, कर्जदार, जामीनदार असाच गुंता होता. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, बाकीचं त्यावर अवलंबून आहे. व्याख्या त्या कामाच्या विभागाने करायची आणि कार्यकारी संचालकांच्या सहीने लागू करायची. संगणक विभागाने फक्त ती जपायची. तुम्ही ठरवलीत तर पहिल्याच बिलाच्या वेळी सगळे तुमच्याकडे बोट दाखवतील.

क्रमांकासाठी आधार नको. तो सुरक्षित जागी, गरजेपुरताच ठेवावा लागतो. चार सॉफ्टवेअरमध्ये आणि गावच्या प्रत्येक संस्थेच्या सचिवाच्या एक्सेलमध्ये तो फिरू लागला तर आवरणार नाही. शिवाय तो माणसाला असतो, दुधाच्या खात्याला नसतो. तुमच्या रचनेत दोन्ही वेगळे हवेत.

स्वतःचा क्रमांक काढताना त्यात अर्थ घालू नका. तुमचा आजचा क्रमांक बहुधा संस्थेचा कोड आणि पुढे खाते क्रमांक असा असेल. उद्या संस्था फुटून दोन झाल्या की सगळे क्रमांक खोटे पडतात. गावासाठी मात्र स्वतःची यादी करत बसू नका. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे, तो घ्या. वडगाव नावाची गावं किती निघतील बघा.

प्रतिसाद २

नकाशाबद्दल. चारही थर काढत बसलात तर वर्ष जाईल. एकच काम घ्या, "केंद्रावर दूध पडल्यापासून खात्यात पैसे जमा होईपर्यंत", आणि ते मोठ्या कागदावर आडवं मांडा. प्रत्येक पायरीखाली तीनच गोष्टी : कोण करतं, कुठली नोंद जन्माला येते, कुठली नोंद दुसरीकडून घेतली जाते. जिथे एकच नोंद दोन ठिकाणी जन्माला येते तिथे लाल खूण करा. टोगॅफचं प्रमाणपत्र सध्या बाजूला ठेवा, त्यातली थरांची कल्पना तेवढी घ्या.

संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिलेली गोष्ट साहेबांना जरूर सांगा : संस्थेत माणसांचं एकमेकांशी बोलणं जसं असतं, तशीच तिची यंत्रणा घडते. तुमच्या चार विभागांची या विषयावर बैठक शेवटची कधी झाली होती? झाली नसेल तर नवीन ईआरपीतही चार मोड्यूल अशीच चार बेटं होतील, फक्त एकाच छताखाली.

आणि कंपन्यांना हा प्रश्न विचारा : खाते वारसाकडे गेलं तर जुन्या माणसाचा इतिहास जुन्याच्या नावावर राहतो का? त्यांचं उत्तर सादरीकरणाच्या पडद्यावर घेऊ नका. तुमच्या त्या मावशींचं उदाहरण द्या आणि समोर करून दाखवायला सांगा.

मूळ धागाकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. मधल्या दहा दिवसांत काय झालं ते सांगते.

साहेबांना मावशींची गोष्ट सांगितली, चारही पडदे उघडून दाखवले. त्यांनी चारही विभागप्रमुखांना बोलावलं. मी प्रत्येकाला कोरा कागद दिला आणि 'सभासद म्हणजे कोण' हे एका वाक्यात लिहायला सांगितलं. चार वाक्यं वेगळी आली. ती मोठ्याने वाचून झाल्यावर पशुवैद्यकीय विभागाचे डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे सभासद नोंदवतच नाही, आम्ही गाय नोंदवतो." एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं! त्यांच्याकडे गाय विकली की तोच बिल्ला नव्या मालकाकडे जातो, माणसाची नोंद त्यांच्यासाठी दुय्यम.

आता चार शब्द ठरलेत : संस्था, उत्पादक, खाते, जनावर. 'सभासद' हा शब्द फक्त भागधारणा आणि मतदानाच्या कामात वापरायचा. साहेबांची सही झाली, ईआरपीचा निर्णय तीन महिने पुढे गेला. क्रमांक आमचाच, अर्थ नसलेला. दूध ते पैसे असा नकाशा भिंतीवर लागलाय, त्यावर सात लाल खुणा आहेत.

एका खुणेवर अजून अडलोय. खातेदार वारल्याची पहिली खबर गावच्या सचिवाला असते, पण तो वारसनोंदीचा कागद येईपर्यंत जुन्याच नावावर दूध घेत राहतो. थांबवलं तर त्या घराचं बिल अडतं, आणि ते मला अजिबात नकोय. मधल्या काळासाठी 'तात्पुरता उत्पादक' अशी स्थिती ठेवावी का? बँकेत किंवा पतसंस्थेत कुणी हे हाताळलं असेल तर कृपया सांगा, फॉर्मचा नमुना असेल तर फारच उत्तम.