नववीची मुलं अवांतर वाचत नाहीत, काय करता येईल?

प्रश्न – ग्रंथालय_अधिभार (चोपडा तालुका)
राम राम मंडळी. हायस्कूलला ग्रंथपालाचं पद नाही, ग्रंथालयाचा जादा कार्यभार माझ्याकडे आहे. दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत. शनिवारी वाटतो, सारांश लिहून आणायला सांगतो. चार-पाच मुली सोडल्या तर सारांश एकमेकांचे उतरवलेले असतात. नववीच्या तुकडीत 50 मुलं आहेत. नियमित वाचन कसं लावावं?

उत्तर – पेटीवाला (जळगाव)
सारांश आजच बंद करा, सर. पुस्तक घेतलं की लिहिणं मानगुटीवर बसतं, हे मुलांना कळलं की ती पुस्तकच घेत नाहीत.

मग कपाट वर्गात न्या, म्हणजे प्रत्येक तुकडीला एक उघडी पेटी द्या. 50 मुलांना 50 पुस्तकं पुरत नाहीत, किमान 65 ठेवा. नाहीतर शेवटच्या मुलाच्या वाट्याला कोणी न उचललेलं उरतं आणि त्याचं वाचन तिथंच संपतं. निम्मी पुस्तकं 48 पानांच्या आतली हवीत. बाकीच्यांत भुताच्या, शोधाच्या, विनोदी गोष्टी, खेळाडू, प्राणी, थोडं विज्ञान. जाड कादंबऱ्या तीन-चार पुरे. निबंधमाला, भाषणसंग्रह, गाईड पेटीत नकोच. पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी उभी लावा, नुसत्या कण्यावरून मुलं पुस्तक निवडत नाहीत.

बदल रोज मधल्या सुट्टीत, दोन विद्यार्थी बघतील. वहीत चारच रकाने: तारीख, हजेरी क्रमांक, पुस्तक क्रमांक, परत. शनिवारचं वाटप इथंच फसतं. बारीक पुस्तक मुलगा एका रात्रीत संपवतो आणि पुढचे सहा दिवस रिकामा. महिन्यानं तुकड्यांच्या पेट्या आपसात फिरवा.

पुस्तकं हरवणार. वर्षाच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांशी बोलून गहाळ पुस्तकांच्या निर्लेखनाचं, म्हणजे ती नोंदीतून कमी करण्याचं, लेखी ठरवून घ्या. वसुली आपल्याच पगारातून होईल या भीतीनं कपाटांना कुलपं लागतात, हे सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही. कोश आणि महागडे संदर्भग्रंथ मात्र कपाटातच राहू द्या.

उत्तर – मराठी_आठवी_ते_दहावी (धुळे)
पेटीबरोबर वेळही द्यावा लागेल. परिपाठ झाला की रोज 15 मिनिटं सगळ्यांनी वाचायचं, शिक्षकांनीही. तुम्ही तेव्हा वह्या तपासत बसलात तर मुलं काय ते ओळखतात. शेवटच्या तासाला हे ठेवू नका, खेड्यावरच्या मुलांचं लक्ष एसटीकडे असतं.

आठवड्यातून दोनदा 8-10 मिनिटं तुम्ही मोठ्यानं वाचा आणि ऐन रंगात आल्यावर थांबा. त्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती त्याच दिवशी पेटीत हव्यात. चार दिवसांनी आणल्या तर कोणी विचारत नाही.

15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाची वाट बघू नका. तोवर सत्र परीक्षा येते, दिवस फोटोत जातो. सुरुवात जून-जुलैतच बरी.

उत्तर – सातपुडा (नंदुरबार)
वरचं सगळं ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी झालं. आधी प्रत्येकाला एकेकटं बोलावून अनोळखी पुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाचून घ्या. पानात पाचाहून जास्त शब्दांना अडखळला तर ते पुस्तक त्याला आज जड आहे. बहुतेक जण जोडाक्षरांवर आणि लांब वाक्यांवर अडतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे घरी पावरी किंवा भिली बोलतात, तुमच्याकडे अहिराणी असेल. गोष्ट घरच्या बोलीत आधी सांगितली तर पुस्तकातली मराठी पेलते.

पण नववीच्या पोराच्या हातात दुसरीचं पुस्तक वर्गासमोर देऊ नका, तो ते दप्तरातून बाहेर काढणार नाही. त्याला काम द्या: शुक्रवारी जवळच्या प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला गोष्ट वाचून दाखवायची. तयारीसाठी तो तेच पुस्तक चार-पाच वेळा वाचतो, आणि त्यात कमीपणाही वाटत नाही.

प्रश्नकर्ता
पेटीचं पटलं. पण दिवाळीनंतर कापूस वेचणीला निम्मी मुलं गैरहजर असतात. आणि 65 हलकी पुस्तकं आणायची कुठून?

उत्तर – पेटीवाला (जळगाव)
सुट्टी लागण्याआधी प्रत्येकाला तीन पुस्तकं द्या, परतीची तारीख घालू नका. तारीख उलटली की मुलगा पुस्तक परत करायला लाजतो आणि नवीन मागतही नाही.

पुस्तकांसाठी बालभारतीचं 'किशोर' बघा. 1971 पासून निघतं, जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. अख्खा अंक छापू नका, एकेक गोष्ट पाठपोट छापा. चार पानांची गोष्ट दोन कागदांत बसते. वर जाड पुठ्ठा लावून स्टेपल करा, क्रमांक घाला आणि पेटीत टाका. अशा 25 गोष्टी झाल्या की जुन्या कपाटातून 40 निवडणं जड जात नाही.