हातमशीन केस ओढतंय: धार गेली की दुसरंच काही?

खानापूर_खुर्ची

हाताने दाबायचं केस कापायचं मशीन आहे. पातं ००० नंबरचं, दोन दांड्यांच्या मध्ये उघडी स्प्रिंग. जांबोटीकडच्या खेड्यांत लाइट गेली की हेच बाहेर काढावं लागतं, आणि जावळालाही हेच बरं; करंटच्या मशीनच्या आवाजाला पोरं बिथरतात. हल्ली मात्र केस ओढूलालंय.

लक्षणं नीट लिहितो. मूठ दाबताना बऱ्यापैकी कापतं, सोडताना केस अडकतो. उजव्या टोकाचे काही दाते केस कापतच नाहीत, नुसते वाकवतात. मधला नट आवळला की ओढणं थोडं कमी होतं, पण मशीन जड होतं आणि मूठ पूर्ण उघडत नाही. धार लावून आणली, फरक जेमतेम पडला. नवीन घ्या असं सांगू नका, जुन्याची बॉडी चांगली आहे. नेमकं काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने?

निपाणी_सलून

आधी उघडून साफ करा ओ, मग बाकीचं. वरचं पातं काढा, टूथब्रशने दात्यांतली केसांची भुकटी काढा. खालच्या पात्याच्या मागच्या पट्टीवर, जिथं वरचं पातं टेकतं, तिथं तेल आणि केसांचा काळा थर बसलेला असतो. तो थर असला की पात्याची मागची बाजू उचलली जाते आणि दात्यांवर दाब बरोबर बसत नाही. धारवाल्याने तो थर तसाच ठेवून धार लावली असेल तर धार लावून उपयोग काय?

तेल शिलाई मशीनचं. खोबरेल अजिबात नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, आपल्याकडे थंडीत सकाळी दुकान उघडलं की मशीन चिकटलेलंच. दोन-तीन थेंब पुरे: दात्यांच्या ओळीला दोन्ही टोकांना एकेक, आणि दांड्याच्या पिनवर एक.

एवढं करून नाही झालं तर गॅरेजातली व्हॉल्व्ह पेस्ट (घासायची खरखरीत पेस्ट) दोन पात्यांत लावून शंभर-दोनशे वेळा दाबा, घासून बसतात.

उद्यमबाग_टूलरूम

साफसफाईचं निपाणीकरांचं शंभर टक्के बरोबर. व्हॉल्व्ह पेस्टचं मात्र करू नका, कारण खाली सांगतो.

खानापूरकर, "दाबताना कापतं, सोडताना अडकतं" हे तुम्ही लिहिलंत, त्यातच अर्धं उत्तर आहे. हातमशीनमध्ये खालचं पातं बॉडीला आणि एका दांड्याला पक्कं असतं. दुसरा दांडा पिनवर फिरतो आणि त्याचं पुढचं नाक वरच्या पात्याच्या खाचेत बसतं. नाक पिनभोवती कमानीत फिरतं, पातं मात्र सरळ सरकायला हवं, म्हणून बहुतेक मशीनमध्ये तिथं लांबट खाच असते. दाबलंत की पातं एका बाजूला जातं, ते तुमच्या हाताच्या जोरावर. सोडलंत की परत येतं, ते फक्त स्प्रिंगच्या जोरावर. दोन्ही फेऱ्यांत कापणं अपेक्षित आहे. म्हणजे परतीला अडकत असेल तर एकतर स्प्रिंग थकली आहे, नाहीतर पात्यांमधलं घर्षण स्प्रिंगला जड झालं आहे. नट आवळल्यावर मूठ उघडत नाही म्हणता, म्हणजे दुसरं कारण तर नक्कीच आहे.

आता नट आवळावा का लागतो? पाती एकमेकांवर नीट टेकत नाहीत म्हणून. चांगलं पातं पूर्ण सपाट नसतं. मध्ये अगदी किंचित पोकळ असतं, त्यामुळे दोन पाती फक्त पुढे दात्यांच्या कडेला आणि मागे पट्टीवर टेकतात. दाब नेमका कापण्याच्या रेषेवर येतो आणि घासणारी जागा कमी राहते. हे बिघडलं की केस दोन दात्यांच्या फटीत कापला न जाता आडवा होऊन घुसतो. मग आपण नट आवळतो, त्याने घर्षण वाढतं, स्प्रिंग पातं पूर्ण परत आणू शकत नाही, फेरी अपुरी पडते आणि केस अर्धवट कापलेला दात्यात राहतो. तुम्ही मशीन पुढे सरकवता, तो उपटला जातो. धार कितीही लावा, या साखळीत फरक पडत नाही.

तपासायचा क्रम असा ठेवा:

१. टेकण्याची तपासणी. खालच्या पात्यावर इंजिनियर ब्ल्यूचा (टेकेल तिथं उमटणारा निळा रंग) अगदी पातळ हात द्या (नसेल तर परमनंट मार्करने रंगवा, मग टेकलेल्या जागी रंग घासून जातो), वरचं पातं ठेवून बोटाने हलकं दाबत चार-पाच वेळा सरकवा. वरच्या पात्याच्या सगळ्या दात्यांवर टोकाजवळ खूण उमटली पाहिजे. तुमच्या उजव्या टोकाला ती उमटणार नाही, असा माझा अंदाज.

२. फेरी मोजा. वरच्या पात्याच्या दात्यांचं अंतर व्हर्नियरने घ्या: अकरा दात्यांमधली दहा अंतरं मोजून दहाने भागा. मूठ पूर्ण उघडी ते पूर्ण दाबलेली, यात वरचं पातं निदान तेवढं तरी सरकायला हवं. तेवढं सरकलं नाही तर दर फटीत थोडी जागा अशी राहते जिथं कापणारी कड पोचतच नाही.

३. पिनपासून मुठीच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि पिनपासून नाकापर्यंतचं अंतर मोजा. त्यांच्या गुणोत्तरावरून फेरी किती यायला हवी ते कळतं. प्रत्यक्षात कमी येत असेल तर उरलेली झिजेत गेली.

व्हॉल्व्ह पेस्टबद्दल. इंजिनात व्हॉल्व्ह सीटवर गोल फिरवतात, थोडं फिरवून उचलून जागा बदलतात, म्हणून झीज सगळीकडे सारखी होते. इथं पातं दोन-अडीच मिलिमीटरच मागेपुढे होतं, त्यामुळे त्याच त्याच जागी चरे पडतात. शिवाय पेस्ट दात्यांच्या फटीत भरते आणि नेमकी कापणारी कडच गोल करते. पहिले दोन दिवस बरं वाटतं, ते कड खरखरीत झाल्यामुळे.

बेंच ग्राइंडरवर तर पातं धरूच नका. पातं निळं पडलं म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेलं आणि तेवढ्या जागेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. तिथं धार पुन्हा टिकत नाही.

खानापूर_खुर्ची

मापं घेतली. पिनपासून मुठीचा मध्य ९६ मिमी, पिनपासून नाक १६ मिमी. मूठ मध्यावर १३ मिमी सरकते. पातं सरकतं १.४ मिमी. वरच्या दात्यांचं अंतर १.६ मिमी. दांडा घट्ट धरून पातं नखाने ढकललं तर ०.८ मिमी हलतं. मार्करची खूण डावीकडे आणि मध्ये व्यवस्थित, उजवीकडच्या दात्यांवर काहीच नाही.

उद्यमबाग_टूलरूम

मापं एकमेकांशी जुळतात, घेणारा हात बरा आहे. ९६ भागिले १६ म्हणजे सहास एक. १३ मिमी दाबलं की नाकाला साधारण २.२ मिमी मिळायला हवेत. तुम्हाला १.४ मिळतात, म्हणजे ०.८ गेले, आणि नखाने ढकलल्यावर नेमके तेवढेच हलतात. ते सगळं पिनच्या भोकात आणि नाकाच्या खाचेत झिजलंय. १.४ हे १.६ पेक्षा कमी, त्यामुळे धार कितीही चांगली असली तरी हे मशीन काही केस न कापता सोडणारच.

पिन आणि नाक यांपैकी कोण जास्त झिजलंय ते वेगळं बघा. पिनचं भोक अंडाकृती झालं असेल तर तिथली ढिलाई नाकापर्यंत पोचते, आणि दांडा वरखालीही डुलतो. उपाय: दांड्याचं भोक मोठं करून गनमेटलची बुश (आतली नळी) बसवायची. पिन ५ मिमीची असेल तर भोक ७ ला रीम करा, बुशची भिंत १ मिमीची. पिनवर मोकळी फिरावी पण डुलू नये. नाक झिजलं असेल तर ब्रेझिंगने (पितळ वितळवून) भर घालून कानशीने खाचेला जुळवायचं. दांडा पूर्ण सुटा करूनच तापवा. पात्यांच्या जवळ आच नेऊ नका. खाच स्वतःच फाकली असेल तर नाक तेवढं जाड ठेवायचं, खाचेला हात लावायचा नाही, कारण पातं कडक असतं आणि कानस त्यावर नुसती घसरते.

उजव्या बाजूचा टेकण्याचा प्रश्न. ८ मिमी जाडीची सपाट काच घ्या, त्यावर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा. पात्याची टेकणारी बाजू खाली, मार्करने रंगवलेली. दात्यांच्या दिशेने मागेपुढे, बोटांचा भार सारखा ठेवून. "उजवीकडे कमी आहे म्हणून उजवीकडे दाबू" हे करू नका. दाबलंत तिथलं पोलाद जाणार, म्हणजे खड्डा आणखी खोल होईल. बाकीची बाजू खाली येऊन उजव्या बाजूला मिळेपर्यंत घासायचं. सगळ्या दात्यांवरचा रंग गेला की ८०० वर थोडं, मग दोन्ही पाती ब्रश मारून धुऊन, वाळवून, लगेच तेल. दोन्ही पाती एकाच वेळी करा. एकच केलं तर सपाट पात्यावर जुनं वाकडं पातं बसतं.

काचेवर पोकळी निर्माण होत नाही, फक्त सपाटी येते. मूळची पोकळी मध्ये शिल्लक असेल तर एवढ्यावर भागतं. नसेल तर धारवाल्याकडची ओतीव लोखंडाची चकती लागते. ती मध्यापासून कडेकडे अगदी किंचित उतरती केलेली असते, त्यामुळे पातं पोकळ घासलं जातं. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे पट्ट्यात हायड्रॉलिक पंपाच्या प्लेटा लॅप करणारी (घासून सपाट करणारी) वर्कशॉपं आहेत, सपाटीचं काम तिथं उत्तम होईल. पण त्यांना पोकळी नको असते, तेव्हा नेमकं काय हवं ते सांगूनच द्या.

एक धोका लक्षात ठेवा. केस किती लांब राहतो ते खालच्या पात्याच्या टोकाकडच्या जाडीवर ठरतं. ००० म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. दर वेळी घासताना तुम्ही ती जाडी कमी करता. खालच्या दात्यांची टोकं गोल आहेत तोवर ठीक. ती टोकदार लागायला लागली की कातडी ओरबाडते, तेव्हा पातं बाद.

(हे काम किती बारीक होतं त्याचा नमुना: पॅरिसच्या बारिकां-ए-मार कारखान्याने केस कापायची हातमशीनं केली, आणि १९०८ मध्ये राइट बंधूंच्या विमानाची इंजिनंही त्याच कारखान्यात झाली.)

निपाणी_सलून

पेस्टचं पटलं. जोडताना एक बघा, वरच्या पात्याची टोकं खालच्या पात्याच्या टोकांच्या सुमारे १ मिमी मागे पाहिजेत. बरोबरीला आली तर गिऱ्हाइकाच्या मानेवर लाल रेघ उठते. नट बोटाने टेकेपर्यंत फिरवा, मग पाव ते अर्धा फेरा मागे घ्या. मूठ सोडली की खटकन पूर्ण उघडली पाहिजे. तपासायला कापलेल्या केसांचं पातळ झुपकं घ्या, डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला एकेका दाबेत कापून बघा.

स्प्रिंग मात्र नवीन टाकाच. जुनी ताणून लांब करतात काहीजण, चार दिवसांत पुन्हा बसते.

उद्यमबाग_टूलरूम

स्प्रिंग करून घेताना तारेची जाडी जुन्याएवढीच सांगा. "जरा जाड टाका" म्हटलं तर फसाल. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो: १ मिमीच्या जागी १.२ मिमी तार टाकली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर ताठपणा दुपटीच्या वर जातो. संध्याकाळपर्यंत अंगठा कामातून जाईल.

अथणीकर

मध्येच विचारतो, हेच मशीन मेंढीला चालेल काय? आमच्याकडं धनगरांकडं कातर आहे, पण कातरीनं कातडी कापते कधी कधी.

उद्यमबाग_टूलरूम

नाही चालणार. दख्खनी मेंढीची लोकर जाडी-भरडी आणि त्यात माती-वाळू भरपूर. हातमशीनच्या बारीक फटींत लोकर शिरतच नाही, वरच्यावर तुंबते, आणि वाळूचा कण दोन पात्यांत गेला की कडेला चरा पडतो. मेंढीच्या यंत्राची रचनाच वेगळी असते: खालच्या फणीला साधारण १३ रुंद दाते, वरच्या कटरला फक्त ४, आणि जोर मोटरचा. धनगरी कातर एकाच पट्टीची, मागचा वाक हीच तिची स्प्रिंग. तिच्यात वाळू अडकायला जागाच नाही, म्हणून ती टिकते. कातडी कापू नये म्हणून लोकर वर ओढायची नाही, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. ओढली की कातडीची घडी पात्यात येते.

चिकोडी_नाभिक

खानापूरकरांनी जावळाचं लिहिलंय म्हणून. लेकराच्या डोक्याला तेल चोपडून आणतात, ते आधी धुऊन कोरडं करायला लावा. तेलकट मऊ केस फटीत लगदा होऊन बसतो आणि चांगलं मशीनही ओढतं. खालचं पातं डोक्यावर सपाट टेकवा, टोकावर उभं करू नका. टाळूवर फक्त मशीनचं वजन, हाताचा दाब नाही.

सगळ्यात जास्त ओढलं जातं ते मशीन उचलताना. मूठ दाबायची थांबवून मग उचललं तर दात्यात असलेले केस सोबत येतात. दाबत दाबतच बाहेर काढायचं. आणि पुढे जायचा वेग हाताच्या दाबेपेक्षा जास्त नको, दर दाबेला दोन-तीन मिलिमीटर बस.

दोन डोक्यांच्या मध्ये ७० टक्के स्पिरिटने पाती पुसा, ब्लीचचं पाणी वापरू नका, पोलाद गंजतं. स्पिरिट तेलही पुसून नेतं, म्हणून नंतर एक थेंब तेल, आणि जादाचं कापडाने टिपून घ्या. खानापूरचा पाऊस बघता रात्री मशीन तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा, पण नट अर्धा फेरा सैल करून. आवळून ठेवलं तर पात्यांच्या मध्ये ओल धरते आणि गंज नेमका कडेवर येतो.