मदत हवी आहे: वाईतील जुन्या वाड्याला वाळवी लागली आहे, नेमके कोणते औषध वापरावे?

माजघर (धागाकर्ती)
वाईत गंगापुरीत आमचा जुना वाडा आहे. माजघरातून परसात उघडणाऱ्या दाराच्या चौकटीला आणि त्याच भिंतीतील फडताळाला वाळवी लागली आहे. फेब्रुवारीत पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावले होते. त्यांनी फवारणी करून पाच वर्षांची हमी दिली आणि मे महिन्यात तोच प्रकार पुन्हा सुरू झाला. फोन केला की 'माणूस पाठवतो' असे उत्तर मिळते, माणूस काही येत नाही. काल फडताळातील जुन्या कागदांचा गठ्ठा काढला, तेव्हा वरचा कागद शाबूत होता, दोरीची गाठही जशीच्या तशी होती. पण उचलल्याबरोबर गठ्ठा मधोमध वाकला, कारण आतील कागदांच्या जागी ओलसर माती भरलेली होती. सोमवारी रंगारी येणार आहे. मी पुण्यात राहते आणि दोनच दिवसांची रजा आहे, त्यामुळे 'तज्ज्ञाला दाखवा' हा सल्ला नको. औषधाचे नाव आणि प्रमाण तेवढे सांगावे.

सुतारपक्षी
आधी हे सांगा की भिंतीवर मातीच्या रेषा चढलेल्या दिसतात, की लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके पडून खाली टाल्कम पावडरीसारखे पीठ साठते? पहिली वाळवी असते. दुसरा भुंगेरा असतो आणि त्याचे औषध जमिनीत नव्हे तर लाकडातच द्यावे लागते. खसखशीसारखे टणक दाणे पडत असतील, तर ती कोरड्या लाकडात राहणारी वाळवी असते, तिला मातीशी संबंध ठेवावा लागत नाही. आमच्याकडे दोन वर्षे वाळवीचे समजून जे औषध ओतले, ते भुंगेऱ्यासाठी पूर्णपणे निरुपयोगी होते.

पैलतीर
गठ्ठ्यात ओलसर माती होती, असे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे. भुंगेरा माती आणत नाही. उत्तर देण्यापूर्वी प्रश्न शेवटपर्यंत वाचला असता, तर बरे झाले असते.

सुतारपक्षी
गठ्ठा फडताळात होता, मी चौकटीबद्दल विचारतो आहे. एकाच घरात दोन्ही असू शकतात.

वेंगुर्लेकर
आमच्याकडे कोकणात काजूच्या टरफलांचे तेल लावतात. होड्यांना लावतात, वाशांना लावतात, कुंपणाच्या खांबांनाही लावतात. माझ्या आजोबांनी तेल लावून बसवलेली चौकट आजही ठोकली की खणखणीत वाजते. बाजारातील विषे घरात आणण्यापेक्षा हे करून पाहावे. मात्र हातमोजे घालावेत, अंगाला लागले तर कातडी भाजून फोड येतात.

निवृत्त ओव्हरसियर
चौकट बसवण्यापूर्वी, भिंतीत जाणाऱ्या टोकांसकट तेल पाजले असेल, तर त्याचा उपयोग होतो. बसवलेल्या चौकटीला ते फक्त दर्शनी बाजूने लागते आणि वाळवी तर भिंतीच्या पोटातून आणि उंबरठ्याच्या खालून येते.

मूळ धाग्याविषयी: फेब्रुवारीत त्यांनी नेमके काय केले? नुसती भिंतींवर फवारणी केली, की जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे भोके पाडून आत औषध सोडले? उभ्या असलेल्या इमारतींसाठी वाळवीच्या बंदोबस्ताच्या आय. एस. ६३१३ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. त्यानुसार या सांध्यालगत १२ मिमी व्यासाची भोके, दोन भोकांत ३० सेंमीहून अधिक अंतर न ठेवता, पाडून औषध जमिनीत मुरवावे लागते. वरवर फवारल्याने दिसणारे किडे मरतात, जमिनीतील वस्तीला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय जमीन कशाची आहे, भिंती भाजक्या विटांच्या आहेत की मातीच्या, आणि त्या फडताळाच्या पलीकडे काय आहे, हेही सांगावे.

माजघर
फवारणीच केली होती, भोके पाडली नव्हती. मातीच्या रेषा आहेत, पीठ नाही. भिंती मातीच्याच आहेत, जुन्या वाड्याच्या दुसऱ्या कशाच्या असणार? खाली शहाबादी फरशी आहे. मी औषधाचे नाव विचारले होते, घराचा इतिहास नव्हे.

पाटावरवंटा
बोरिक पावडर, गव्हाचे पीठ आणि साखर समप्रमाणात घेऊन दुधात मळावे आणि त्याच्या गोळ्या ओट्याखाली ठेवाव्यात. पंधरा दिवसांत एकही झुरळ दिसणार नाही. मुलांचा आणि मांजरांचा हात पोहोचणार नाही, एवढे मात्र पाहावे.

पैलतीर
झुरळांचा विषय कोणी काढला?

पाटावरवंटा
जुन्या घरात झुरळे असतातच.

सागवान
चौकटीला वाळवी लागली याचा अर्थ ती सागाची नाही. सागाला वाळवी लागत नाही, हे आमच्या घरात चार पिढ्यांचे निरीक्षण आहे. रंगाला भुलून कोणीतरी आंब्याचे लाकूड माथी मारले असणार.

सुतारपक्षी
हे अर्धसत्य आहे. सागाचा गाभा वाळवी सहसा सोडून देते. पण गाभ्याभोवतीचे फिकट, कच्चे लाकूड ती आवडीने खाते. दुरुस्तीत घातलेल्या तुकड्यांत ते कच्चे लाकूड हमखास असते. चौकट खालपासून वरपर्यंत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जावे, कुठे आवाज बद्द येतो ते कळेल.

जुनाजाणता
माझ्या वडिलांनी १९८५ साली घराच्या पायात ऑल्ड्रिन हे कीटकनाशक ओतून घेतले होते, त्यानंतर आजतागायत वाळवी नाही. तेच शोधावे. हल्लीची औषधे म्हणजे रंगीत पाणी.

निवृत्त ओव्हरसियर
ऑल्ड्रिनवर भारतात १९९६ पासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे. जमिनीत ते वर्षानुवर्षे टिकते म्हणून वाळवी येत नव्हती, आणि नेमक्या त्याच कारणाने ते माणसाच्या अन्नातही पोहोचत होते. कोणी देऊ केले तरी घेऊ नये. आज क्लोरपायरिफॉस २० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचे द्रावण) वापरले जाते, एक लिटर औषधात १९ लिटर पाणी मिसळून. किंवा इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के, १० लिटर पाण्यात सुमारे २१ मिलि. दुसऱ्याला उग्र वास नसतो आणि त्याची चाहूल न लागल्यामुळे वाळवी त्यातून ये-जा करत राहते आणि विष वस्तीपर्यंत नेते, म्हणून राहत्या घरात मी तेच पसंत करतो. परंतु फडताळाच्या पलीकडे काय आहे, या माझ्या प्रश्नाचे उत्तर अद्याप मिळालेले नाही, आणि ते मिळेपर्यंत कोणतीही बाटली उघडू नये.

भीमकुंडकर
मीही वाईचाच. कृष्णेला पूर आला की घाटाकडच्या घरांत ओल गुडघाभर चढते आणि दिवाळीपर्यंत उतरत नाही. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगावे म्हणून माशाच्या आकाराची बांधलेली आहे, आपल्या घरांना तशी सोय कोणी केली नाही. त्यात पूर्वीची शेणाने सारवलेली जमीन ओल वर सोडत असे. तिच्यावर फरशी घातली की ओलीला भिंतीखेरीज वाट उरत नाही. आमच्याकडे फरशी घातल्यावरच वाळवी सुरू झाली. आणि परसात घुशीची बिळे असतील तर तीही पाहावीत, कारण मातीच्या पायात घूस पोखरते, बिळातून पाणी शिरते आणि ओल पायाला येऊन भिडते.

माजघर
फडताळाच्या पलीकडे न्हाणीघर आहे, ते वडिलांनी नंतर बांधून घेतले. त्याचे पाणी चौकटीच्या उंबरठ्याखालून नळीने परसात जाते. परसात, दारापासून साधारण आठ-नऊ फुटांवर आड आहे. त्याचा यात काय संबंध आहे, हे मला समजलेले नाही. आता प्रमाण मिळाले आहे, तर उद्या सकाळी माणूस लावून भोके पाडून घेते.

निवृत्त ओव्हरसियर
कृपया पाडू नये. आडाचा संबंध असा, की दाराच्या उंबरठ्याखाली तुम्ही जे ओताल, ते नळीच्या कडेच्या भुसभुशीत मातीतून वाट काढत पहिल्या जोरदार पावसात आडात उतरू शकते. क्लोरपायरिफॉस माशांना अतिशय घातक आहे, आणि ते पाणी तुम्ही पीत नसलात तरी कोणीतरी भांड्यांना किंवा झाडांना वापरत असेलच. पाण्याचा साठा जवळ असेल तिथे जमिनीत औषध सोडत नाहीत, हा या कामातला अगदी प्राथमिक नियम आहे.

जुनाजाणता
आमच्याही घराला आड होता, कोणालाही काही झाले नाही.

पैलतीर
आडाला विचारले होते का?

सुतारपक्षी
उंबरठ्यालगतची एक फरशी उचलून पाहावी. नळी गळत असेल तर वाळवीला पाणी तिथेच मिळते आहे, आणि ते तुटले नाही तर कोणतेही औषध फार काळ पुरणार नाही. मातीच्या रेषा एका जागी फोडून ठेवाव्यात. दोन दिवसांत पुन्हा बांधल्या गेल्या तर वस्ती चालू आहे असे समजावे.

माजघर
फरशी उचलली. खालची माती हातात घेऊन दाबली तर बोटांमधून पाणी गळले. नळीचा सांधा निखळलेला आहे आणि न्हाणीत तांब्याभर पाणी ओतले की त्यातले बरेचसे तिथेच मुरते. चौकटही ठोकून पाहिली. परसाकडच्या खांबात स्क्रूड्रायव्हर जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत कुठेही लोण्यात जावा तसा जातो, त्याच्या वर मात्र लाकूड टणक आहे. सकाळी फोडलेली रेष संध्याकाळी अर्धी बांधून झाली होती. टॉर्च लावून पाहिले तेव्हा कडेला दोन-चार किडे ओल्या मातीचा कण कण आणून चिकटवत होते.

निवृत्त ओव्हरसियर
म्हणजे वरची चौकट वाचली आहे. नळी बदलून घ्यावी आणि ती शक्यतो उंबरठ्याखालून न नेता न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीतून काढावी. किडलेला वीतभर भाग कापून त्या जागी दगडाची बैठक द्यावी, म्हणजे लाकडाचा मातीशी संबंध राहणार नाही. परसाच्या बाजूने जमिनीत औषध अजिबात नको. तिथे लाकडालाच बारीक भोके पाडून इंजेक्शनच्या सुईने औषध द्यावे आणि वरून मेण भरावे. आडापासून दूर असलेल्या आतल्या भिंतींचे काय करायचे, ते माती सुकल्यावर ठरवता येईल.

वेंगुर्लेकर
कापलेल्या टोकाला दगडावर बसवण्यापूर्वी काजूचे तेल पाजावे. आता तरी ते टोक उघडे आहे.

निवृत्त ओव्हरसियर
हे मान्य.

माजघर
प्लंबर बुधवारी येतो म्हणाला आहे, त्यामुळे रजा वाढवली. रंगाऱ्याला गणपतीनंतर ये म्हणून सांगितले, तर आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, असे तो म्हणतो. वेंगुर्लेकर, ते तेल साताऱ्यात किंवा पुण्यात कुठे मिळते, ते सांगाल का?

पाटावरवंटा
न्हाणीची नळी उघडणारच आहात, तर तिच्या तोंडाला जाळी बसवून घ्यावी. झुरळे तिथूनच येतात.