मदत हवी आहे: भाड्याच्या फ्लॅटच्या पत्त्यावर शॉप ॲक्ट (दुकान-आस्थापना नोंदणी)

कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमधून भाजणी आणि मेतकूट विकते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकटात झाली, फूडची (अन्न सुरक्षेची, FSSAI) बेसिक नोंदणीही आहे. अडलंय ते बँकेत. करंट अकाउंटसाठी फूडचा कागद दाखवला, तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "यावर तुमचं नाव आहे, व्यवसायाचं कुठंय? शॉप ॲक्ट आणा."

कामाला मी एकटीच. मोजकीच माणसं असली की शॉप ॲक्टच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे पूर्ण नोंदणी लागत नाही, व्यवसायाची ऑनलाइन सूचना दिली की पुरते, एवढं माहीत आहे. पण पत्त्याचा पुरावा म्हणावा तर लाइट बिल मालकांच्या नावावर, आणि रजिस्टर्ड करारात 'फक्त राहण्यासाठी' असं छापलंय. मालक नाशिकला असतात, संमतीपत्र देतील. सोसायटीला विचारायचं धाडस अजून केलेलं नाही! एजंट अडीच हजार मागतोय, ते द्यायचे नाहीत.

अशा करारावर कुणाची सूचना मंजूर झालीय का? की बँकेला फूडच्या नोंदणीत व्यवसायाचं नाव घालून दिलं तर चालेल?