ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेतील पणजोबांची नोंद कुठे शोधावी?

प्रश्न : माझे पणजोबा पहिल्या महायुद्धाच्या काळात शिंदे सरकारच्या पायदळात होते, असे आजी सांगत असे, ग्वाल्हेर शहरातील ‘लष्कर’ नावाच्या भागातील आमच्या जुन्या घरात त्यांचे चांदीचे पदक सापडले, परंतु कागद एकही नाही. शोध कुठून सुरू करावा?

उत्तर : पदकाची कड भिंगाखाली पाहा. त्या युद्धाच्या ब्रिटिश पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. पदक घासून चकचकीत मात्र करू नका, अक्षरे झिजतात.

उत्तर : संस्थान १९४८ मध्ये ‘मध्य भारत’ या राज्यात विलीन झाले आणि ते राज्य पुढे मध्य प्रदेशात आले, त्यामुळे भोपाळच्या राज्य अभिलेखागारात चौकशी करावी, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर पलटणीच्या नावाने शोधावे. घरातील मोडी कागद कृपया रद्दीत देऊ नका.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. कडेवर क्रमांक स्पष्ट दिसतो आहे.