हिपॅटायटिस बी: आधी कोणत्या तपासण्या, आणि घरच्यांनी लस कधी घ्यायची?

सांजवारा
नवऱ्याने रक्तदान केलं होतं. रक्तपेढीतून फोन आला, एचबीएसएजी (रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू असल्याची खूण) पॉझिटिव्ह. त्याला काहीही त्रास नाही, कधी कावीळ झाल्याचंही आठवत नाही. पोटविकारतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तोवर कोणत्या तपासण्या करून न्याव्यात? आणि मी लस लगेच घ्यावी की थांबावं? माझी कधीच झालेली नाही, मुलीची लहानपणी झाली आहे. सध्या हात आखडता आहे, तेव्हा गरजेचं तेवढंच सांगा.

टाचणी
सरळ फुल बॉडी पॅकेज करा. मी दरवर्षी करते, एका रक्तात सगळं कळतं. सोबत फायब्रोस्कॅनही (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) उरकून घ्या.

उंबरठा
ताई हात आखडता म्हणाल्यात, टाचणी. आणि पॅकेजमध्ये एसजीपीटी (यकृताला इजा होतेय का ते दाखवणारी तपासणी) असतं, व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे) नसतो. माझं एसजीपीटी कायम नॉर्मल यायचं, म्हणून पहिल्या डॉक्टरांनी "विसरून जा" सांगितलं. पुढे दुसऱ्यांनी तपासलं तेव्हा यकृत कडक होऊ लागलेलं निघालं. तो राग अजून गेलेला नाही.
आत्ता एवढंच करा: एचबीएसएजी पुन्हा, एचबीईएजी (विषाणू जोरात वाढतोय का ते कळायला), एसजीओटी-एसजीपीटी आणि प्लेटलेट. एसजीओटी आणि प्लेटलेट मिळून यकृतावरच्या व्रणांचा अंदाज येतो. संसर्ग नवा आहे का ते अँटी-एचबीसी आयजीएमवरून कळतं. एचबीव्ही डीएनए, म्हणजेच व्हायरल लोड, लागेलच, पण ती महागडी तपासणी, तज्ज्ञांनी सांगितल्यावर करा. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी राहिलं तर आजार जुनाट धरतात.

नवखा_गडी
औषधांच्या मागे लागू नका. माझ्या मेव्हण्याने जडीबुटीची पावडर घेतली, दोन महिन्यांत निगेटिव्ह!

उंबरठा
मोठ्यांना नव्याने लागण झाली तर बहुतेकांच्या शरीरातून विषाणू आपोआप जातो, जुनाट होणारे शंभरात पाचही नसतात. पावडर नसती घेतली तरी मेव्हणे बहुधा बरे झाले असते. तान्हेपणी लागण झाली तर मात्र दहातल्या नऊ बाळांचा आजार जुनाट होतो. माझ्या ओळखीच्या एकाने टेनोफोविर ही विषाणू दाबणारी गोळी मनाने सोडून अशीच पावडर धरली. विषाणू उसळला, डोळे पिवळे होऊन भरती व्हावं लागलं.

मध्यमा
मी परिचारिका आहे. सांजवारा, थांबू नका. तुमचं एचबीएसएजी, अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का), अँटी-एचबीसी (कधी लागण झाली होती का) यांसाठी रक्त द्या आणि त्याच दिवशी पहिला डोस घ्या. दुसरा एका महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. तोवर कंडोम वापरा. मुलीची लस झाली असली तरी तिचंही एचबीएसएजी बघा.
माझ्या पहिल्या तीन डोसांनी संरक्षण तयारच झालं नव्हतं, दुसरा पूर्ण कोर्स घेतल्यावर टायटर (रक्तातलं अँटी-एचबीएसचं प्रमाण) १० च्या वर गेलं. म्हणून टायटर करायचंच.

टाचणी
मी दर पाच वर्षांनी बूस्टर घेते, मला तर बरंच वाटतं. आणि ताट-वाटी, टॉवेल सगळं वेगळं करा.

मध्यमा
टायटर एकदा १० च्या वर गेलं असेल तर निरोगी माणसाला बूस्टर लागत नाही. ताट वेगळं केल्याने काहीही साधत नाही, उलट माणूस एकटा पडतो. एकत्र जेवण्याने, मिठीने, शिंकण्याने हा पसरत नाही. वेगळं ठेवायचं ते रेझर, टूथब्रश, नेलकटर. सांडलेल्या रक्तात हा विषाणू किमान सात दिवस तग धरतो.

काळीमिरी
वर सांगितलंय तेच, रेझर वेगळं. आणि एक कोणी लिहिलं नाही: केमो किंवा मोठ्या डोसचं स्टेरॉइड सुरू होण्याआधी हा आजार डॉक्टरांना सांगायचाच. माझ्या काकांची केमोपूर्वी तपासणीच झाली नाही, दबलेला हिपॅटायटिस बी उफाळला आणि केमो थांबवावी लागली.
पण नातेवाइकांत बोलू नका. आमच्याकडे कळल्यावर लोकांनी येणं बंद केलं.

नवखा_गडी
+१, कोणाला सांगू नका.

टाचणी
खरंय. नवरा-बायकोतच ठेवा.

उंबरठा
मीही ऑफिसात सांगितलेलं नाही. गोळी मात्र रोज घेतो. एन्टेकाविर किंवा टेनोफोविर विषाणू दाबून ठेवतात, मुळापासून क्वचितच काढतात. गोळी प्रत्येकाला लागतेच असं नाही, पण नियमित तपासणी सगळ्यांना. मला दर सहा महिन्यांनी यकृताच्या कॅन्सरसाठी सोनोग्राफी असते.

सांजवारा
सगळ्यांचे आभार. रक्त दिलं, पहिला डोस घेतला, मुलीचंही रक्त दिलं. पॅकेज नाही केलं, डीएनए तज्ज्ञ सांगतील तेव्हा.
न सांगण्याचं मात्र आम्हाला पटलं नाही. ह्याला जन्माच्या वेळी सासूबाईंकडून लागण झाली असेल तर दीर-नणंदेलाही असू शकते, आणि नणंदेला सातवा महिना लागतोय. काल रात्री ह्याने तिघांनाही फोन केला. दीर चिडले, नणंद आज तपासणीला गेली.

मध्यमा
तिचं पॉझिटिव्ह आलं तर व्हायरल लोड लगेच करायला सांगा. तो दोन लाखांच्या वर असेल तर २८व्या आठवड्यापासून टेनोफोविर देतात. बाळाला १२ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मिळायला हवं, दोन्हीची सोय प्रसूतीच्या ठिकाणी आहे का ते आत्ताच विचारून ठेवा. अंगावर पाजायला हरकत नाही.